चिपळी पुढे गेली

मनकर्णाताईंच्या शाळेत घंटा नव्हती, चिपळ्या होत्या. शिसवी लाकडाच्या, पितळी झांजा बसवलेल्या, वडिलांच्या तळहाताच्या घामाने काळ्याभोर झालेल्या. दर शनिवारी मुलांची सभा बसे. दोनांतली एक चिपळी अध्यक्षाजवळ राही, दुसरी गोलात फिरे. ज्याच्या हातात चिपळी त्याने बोलायचं, बाकी सगळ्यांनी, ताईंनीसुद्धा, ऐकायचं. विरोध असेल तर आधी चिपळी वाजवायची आणि मग काय ते सांगायचं. काही म्हणायचं नसेल तर न वाजवता शेजाऱ्याच्या हातात द्यायची. न वाजवता पुढे दिली म्हणजे मान्य. फेरी पुरी झाली आणि चिपळी कुठेच वाजली नाही, की अध्यक्ष म्हणे, "सर्वानुमते," आणि सगळी मुलं ध्रुपद धरल्यासारखा तो शब्द एका सुरात परत म्हणत. तो सूर कानावर पडला की ताईंच्या अंगावर काटा येई.

ही रीत गोपाळबुवांची. मनकर्णाताईंचे वडील गोपाळराव मौद्याकडच्या एका खेड्यात कीर्तन करत. उत्तररंग संपे, बुक्का लागे, आरती होई, तरी मांडवातली माणसं उठत नसत. सप्ताहाचा शिधा कसा जमवायचा, विहिरीचा गाळ कोणी काढायचा, कोणाच्या बांधाचा तंटा मिटवायचा, हे तिथेच ठरे. बुवा आपल्या हातातली एक चिपळी फिरायला देत. कंदिलाच्या उजेडात ती हातोहात सरके, मांडवाच्या शेवटच्या खांबाशी पोचे आणि तिथून परत फिरे. तंबोऱ्याला टेकून बसलेल्या लहानग्या मनकर्णाला वाटे, हा देवच आहे, एकेकाच्या हाताला लागत चाललाय.

सरकारी शाळेत उभी हयात काढून निवृत्त झाल्यावर त्यांनी कामठी रोडच्या आतल्या बाजूला, नाल्याला लागून असलेल्या वस्तीत बंद पडलेल्या आरागिरणीचं शेड मिळवलं आणि शाळा घातली. कोणी विचारलं, की त्या म्हणत, "कीर्तनाला हजेरी घेत नाहीत, तरी मांडव भरतो. कोणी कोणाला धरून बसवत नाही. शाळेत हजेरी घ्यावी लागते, दार लावावं लागतं, तरी मन बाहेर. मग चूक कोणाची?" या शाळेत काय शिकायचं, कधी शिकायचं, नियम कोणते, मोडले तर शिक्षा काय, सगळं सभा ठरवी. सहा वर्षांच्या पोराचं एक मत आणि ताईंचंही एकच. ताईंना त्या एकाचा मोठा अभिमान होता.

पायलला तिचे वडील घेऊन आले तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि दोन शाळांनी तिला मंद ठरवून झालं होतं. नागसेन मूळचे कन्हानचे, धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात वॉर्डात कामाला. पाळी बहुधा रात्रीची. पायलची आई मिहानमधल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करायची आणि उजाडायच्या आत बसने निघून जायची.

"तुमच्या शाळेत देवाचं काय-काय करा लागते?" नागसेननी पहिल्यांदा तेच विचारलं. त्यांची नजर ताईंच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर होती.

"काहीच नाही," ताई म्हणाल्या. "देव माझा मी माझ्या घरी ठेवते. इथे मुलं ठरवतील ते."

"मग हे चिपळ्या?"

"त्या फक्त बोलायला."

नागसेन थोडं हसले. "बोलाचंच तं काम आहे इचं, ताई. पोरगी मुकी नाही. फक्त तिले टाइम लागते. आपण विचारलं ते ती आत घेऊन जाते, उलटूनपालटून पाहते अन् मग सांगते. तोवर विचारणारा निघून गेला राहते."

तसंच होतं. पायलच्या हातात चिपळी आली की ती तिच्याकडे बघत बसे. शेजारचा कोपराने ढोसे, "दे नं वं, कायले धरून बसली?" आणि ती देऊन टाके. एकदाच, पावसाळ्यात, मुलांनी मागच्या अंगणात खणायला घेतलेल्या तळ्यातल्या बेडकांच्या पिल्लांबद्दल ती बोलली. शेपटी कशी आत जाते, पाय आधी मागचे येतात. खूप वेळ बोलली. मुलं ऐकत राहिली. ताईंनी पदराने डोळे टिपले आणि घरी जाऊन विठोबापुढे साखर ठेवली.

ते तळंच पुढे सगळ्याला कारण झालं. दिवाळीनंतर मुलांनी ठरवलं की तळं पुरं होईस्तोवर गणित बंद. खोली मोजायची, मातीचे घमेले मोजायचे, हेही गणितच, असं ताईंनी स्वतःला समजावलं. पण पाढे, अपूर्णांक, पुस्तक, सगळं कोपऱ्यात पडलं, आणि जानेवारीत निरोप आला की शाळेच्या मान्यतेसाठी शिक्षण खात्याचे साहेब पाहणीला येणार.

त्या शनिवारी अध्यक्ष होता सुशील. चौदा वर्षांचा, तरतरीत, आवाज असा की शेडचे पत्रे घुमावेत. सुशीलला चार शाळांनी काढलं होतं. ही गेली तर पाचवी त्याला घेणार नव्हती, हे तो सगळ्यांना हसत सांगे.

"साहेब विचारन, गणित होते काय," तो म्हणाला. "आपण सांगाचं, रोज होते. सकाळी. सगळ्याईनं एकच सांगाचं. फिरवा चिपळी."

चिपळी निघाली. ताईंच्या हातात आली तेव्हा त्यांना ती जड वाटली. हे खोटं आहे, हे त्यांना कळत होतं. वडील असते तर, असंही मनात आलं. पण मान्यता गेली तर ही सगळी लेकरं पुन्हा त्या लावलेल्या दारांच्या आत जातील. आणि शेवटी ठरवतायत तीच, आपण कोण? त्यांनी चिपळी पुढे दिली. पायलपाशी ती थांबली. पायलने ती उलटी केली, झांजेवरून बोट फिरवलं.

"दे नं वं," अपेक्षा म्हणाली. अपेक्षा तिची शेजारीण, घरही एकाच गल्लीत.

पायलने दिली.

"सर्वानुमते," सुशील म्हणाला.

"सर्वानुमते," शेड घुमलं.

साहेब सोमवारी आले. वाईट माणूस नव्हता. खुर्ची नको म्हणाला, सतरंजीवर मुलांत बसला, तळं पाहून खरोखर खूश झाला. मग विचारलं, "गणिताचा तास किती वाजता असतो?"

"सकाळी," मुलं म्हणाली.

साहेबांचं लक्ष पायलकडे गेलं, कारण तिचे ओठ हलले नव्हते. "तू सांग बरं."

पायल आत गेली, आपल्या त्या आतल्या घरात. साहेब थांबले. कोणी तिच्यासाठी एवढा वेळ थांबलेलं ताईंनी तोवर पाहिलं नव्हतं, आणि त्या क्षणी त्यांना ते थांबणं सोसेना.

"दिवाळीपासून गणित नाही," पायल म्हणाली. "तळं खोदाचं होतं म्हणून सभेनं बंद केलं."

आठवड्याच्या आत पत्र आलं: मान्यता रोखली आहे, खुलासा करावा, समाधानकारक न वाटल्यास एप्रिलपासून मुलांची सोय दुसऱ्या शाळांत करण्यात येईल. ताईंनी ते सभेत वाचून दाखवलं. या शाळेत मुलांपासून काही लपवायचं नाही, असा नियम होता.

"काहून सांगतलं वं तू?" सुशीलने विचारलं. ओरडून नाही. त्याचे डोळे भरले होते.

पायल म्हणाली, "त्यानं मले विचारलं."

"पण आपलं ठरलं होतं."

"मी काहीच नाही म्हटलं होतं."

"चिपळी पुढं दिली होती का नाही?"

पायल गप्प.

"गप्प म्हणजे हो. हा नियम तुले माहीत नाही काय? तू हो म्हटलं अन् साहेबाच्या समोर पलटी मारली. बाकीचे आम्ही काय खोटे?"

कोणीतरी म्हणालं, हिला सभेतून काढा. कोणी म्हणालं, तळ्याला हात लावू देऊ नका. मग एका मुलीने सुचवलं, अबोला. पुढच्या शनिवारपर्यंत कोणी तिच्याशी बोलायचं नाही, तिनेही कोणाशी नाही. बोलून तिने नुकसान केलं, तर शिक्षा न बोलण्याची. मुलांना ते एकदम पटलं. मारणं नाही, कोंडणं नाही, अंगठे धरणं नाही. ताईंच्याही मनात आलं, किती सौम्य सुचलं लेकरांना. आमच्या वेळी छडीने हात सुजत.

चिपळी फिरली. ताईंच्या हातात आली. त्यांनी पायलकडे पाहिलं. खरं सांगायचं तर त्यांच्या मनात त्या पोरीबद्दल एक बारीक काटा होताच. एवढं सांभाळलं आणि हिनेच… त्यांनी तो काटा विठोबाचं नाव घेऊन दाबला आणि चिपळी पुढे दिली. ती फिरत-फिरत पायलकडे आली. स्वतःच्याच शिक्षेची चिपळी. पायलने ती दोन्ही हातांत धरली. या वेळी कोणी ढोसलं नाही. वाजव, असं ताईंना आतून कुठेतरी वाटलं आणि लगेच विझलं.

पायलने चिपळी पुढे दिली.

"सर्वानुमते," सुशील म्हणाला, आणि सगळ्यांनी सूर धरला.

त्या दिवशी ताईंनी एका जुन्या मैत्रिणीला, त्यांच्याच शाळेतून निवृत्त झालेल्या शोभाताईंना, फोनवर सांगितलं, "अगं, जिला शिक्षा तिनेसुद्धा मान्य केली. याला म्हणतात लोकशाही." शोभाताई म्हणाल्या, "बाई, नशीबवान आहेस."

मंगळवारी ताई सकाळी लवकर शेडवर आल्या आणि नळाखाली पिण्याच्या पाण्याचा माठ लावून उभ्या राहिल्या. चार-पाच मुलं आली होती. सुशील तळ्याच्या काठावरचे दगड नीट लावत होता. पायल फाटकातून जवळजवळ धावत आली. स्वेटरची बाही तिने बोटांपर्यंत ओढून घेतली होती. ती सरळ नळापाशी आली.

"ताई," ती म्हणाली.

सुशीलने मान वर केली. बाकीच्या मुलांनीही. त्यांच्या नजरा पायलवर नव्हत्या, ताईंवर होत्या. ताई नियम पाळतात का, हे ती मुलं पाहत होती, आणि ताईंना ते लख्ख जाणवलं. आपण मोठे म्हणून आपल्याला सूट, हेच तर मोडायला ही शाळा.

"ताई, हात…" पायल म्हणाली आणि थांबली. पुढचे शब्द गोळा करत राहिली.

हात. ताईंना वाटलं, हिला चिपळी पुन्हा हातात हवी आहे, पुन्हा फेरी हवी आहे. त्यांनी तिच्याकडे मायेने पाहिलं. खरोखर मायेने. फळ्याच्या कोपऱ्यात मुलांनी खडूने लिहिलं होतं, 'अबोला – शनिवारपर्यंत', तिकडे त्यांनी बोट दाखवलं, आणि मग तेच बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं. माठ भरून वाहू लागला होता. त्यांनी वळून नळ बंद केला.

पायल थोडा वेळ उभी राहिली. मग शेडच्या मागच्या भिंतीशी जाऊन बसली.

गुरुवारी एकादशी होती. वस्तीपलीकडच्या विठ्ठलमंदिरात संध्याकाळी कीर्तन होतं, आणि एकादशीचं कीर्तन ताईंनी कधी चुकवलं नव्हतं. बुवा अमरावतीकडचे, आवाज थोडा बसलेला, पण आख्यान लावायची हातोटी अशी की टाळकरीही टाळ विसरावेत. गजेंद्राचं आख्यान होतं. मगरीने पाय धरलेला, बळ सरलेलं, सोंडेत एक कमळ. बुवा म्हणाले, "हाक पुरी झाली नव्हती, महाराज. नावाची अर्धी अक्षरं पाण्यात बुडाली होती. पण देवाने पुऱ्या शब्दाची वाट पाहिली नाही. पायात वहाणा घातल्या नाहीत, गरुडाला हाक मारली नाही. अर्ध्या हाकेवर धावला." मृदंग धरला, मांडवाने नामाचा गजर उचलला आणि ताईंचे डोळे वाहू लागले. त्या गजरात त्यांनी पायलसाठी मागणं मागितलं. पांडुरंगा, त्या लेकराला धीर दे. शनिवारी मी तिला जवळ घेईन.

शनिवारी पायल आली नाही.

सभेत अबोला संपल्याचं सुशीलने जाहीर केलं. त्याने तळ्यातलं एक कमळाचं रोप तिच्या नावाने ठेवलंही होतं. "रुसली असन," तो म्हणाला. सोमवारीही ती आली नाही. मधल्या सुट्टीत अपेक्षा ताईंजवळ येऊन घुटमळली.

"ताई, तिचा हात लय सुजला होता. तिच्या घराले कुलूप आहे परवापासून."

"हात? काय झालं हाताला?"

"कुत्रं चावलं नं."

ताईंना आधी अर्थ लागला नाही. "कधी?"

"मंगळवारी. शाळेत येता-येता. नाल्यापाशी कोंबडीवाल्याचं दुकान आहे नं, तिथं. मी मागंच होती. रक्त आलं होतं."

"तू सांगितलं नाहीस कोणाला?"

अपेक्षा घाबरली. "तिच्याशी बोलाचं नाही, हे ठरलं होतं. पण तिच्याबद्दल बोलाचं का नाही, हे सभेत झालंच नव्हतं. मले वाटलं, ते बी नाही चालत."

पायलचं घर गल्लीच्या टोकाला होतं. ताई पोचल्या तेव्हा नागसेन नुकतेच कुलूप काढत होते. पायल आईच्या खांद्यावर मान टाकून रिक्षातून उतरत होती. उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत पट्टीत. ताईंना पाहून तिने मान फिरवली नाही, डोळे खाली घातले नाहीत. फक्त पाहिलं.

आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याच्या बाजूला बुद्धाची छोटी मूर्ती. नागसेननी ताईंना खुर्ची दिली. ते उभेच राहिले.

"शनवारी सकाळी मी ड्युटीवरून आलो, पोरगी तापानं फणफणली," ते म्हणाले. "बाही वर केली तं पू. तसाच उचलून दवाखान्यात. डॉक्टर मलेच बोलले. दवाखान्यात काम करतो अन् पोरीले चार दिवस कुत्र्याच्या चाव्यानं तसंच ठेवतो. मी काय सांगू त्याईले? सुई चालू केली. जखमेतले इंजेक्शन पहिल्याच दिवशी पाहिजे होते. आता पाहाचं, म्हणते. बरेच दिवस पाहाचं."

"सुया लागल्या म्हणजे बरं होईल ना?" ताईंनी विचारलं.

"होईन बी. बहुतेक होईन, म्हणते डॉक्टर." नागसेन थांबले. "मी त्या वॉर्डात पिसाळलेलं कुत्रं चावलेला एक पाहिला आहे, ताई. रोग डोक्यात गेल्यावर काहीच राहत नाही कराले. पाण्याचा गिलास दाखवला तं तो माणूस…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. पायल आतल्या खोलीच्या दारात उभी होती.

मग त्यांनी आवाज खाली आणला. "मी तिले विचारलं, मले काहून नाही सांगतलं? आईले काहून नाही? तं म्हणते, अबोला होता. म्हटलं, शाळेतला अबोला घरी कायचा? तं म्हणते, मी हो म्हटलं होतं. मागच्या टाइमले हो म्हणून मोडलं म्हणून शिक्षा झाली, आता मोडणार नाही. फक्त एकदा मोडला, म्हणते. ताईजवळ."

ताईंनी दारातल्या पायलकडे पाहिलं.

"लेकरांनी ठरवलं होतं, नागसेनभाऊ," त्या म्हणाल्या, आणि म्हणतानाच त्यांना आपला आवाज परका वाटला. "सगळ्यांनी मिळून. अबोला फक्त…"

"अबोला नका म्हणू त्याले. अबोला दोघं जण धरते, नवरा-बायको धरते, बहिणी-बहिणी धरते. सगळे मिळून एकाले धरते त्याचं नाव वेगळं आहे." नागसेनचा आवाज चढला नव्हता. "माझ्या आज्यानं धम्म घेतला अन् मेलेलं ढोर ओढाले नाही म्हटलं. तं गावानं वाळीत टाकलं. कोणी बोले ना, दुकानदार मीठ देई ना, विहिरीवर जाऊ देई ना. ते बी पंचायतीत बसूनच ठरवलं होतं. कोणाएकाचा बी विरोध नव्हता, ताई. सगळ्याईचं एकमत होतं."

ताईंना मांडव दिसला. कंदील, सरकत चाललेली चिपळी, शेवटचा खांब. खांबापलीकडे अंधारात कडुनिंब होता. त्याच्या पारावर माणसं बसलेली असत, कीर्तन ऐकायला, बायका, मुलं. त्यांची डोकी आता इतक्या वर्षांनी ताईंना स्पष्ट दिसली. चिपळी त्यांच्यापर्यंत कधी गेली नव्हती. ती खांबाशीच वळायची, आणि गाव म्हणायचं, सगळ्यांना मान्य.

पुढच्या शनिवारी त्यांनी सभेत सगळं सांगितलं. नळापाशी पायल काय म्हणाली, आपण काय केलं, तेही. मुलं रडली. एक लहान मुलगा म्हणाला, "ताई, पायल मरन काय?" सुशील अध्यक्षाची चिपळी मुठीत धरून बसला होता.

"आमी तं लहान आहो," तो शेवटी म्हणाला. "आमाले राग आला होता. तुमी काहून नाही थांबवलं?"

"माझंही एकच मत, सुशील."

"पण ते कुठं होतं, ताई? तुमी तं चिपळी पुढं दिली."

तो उर्मट नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

खुलासा गेला, त्यात त्यांनी खरं तेच लिहिलं. उत्तर मार्चमध्ये आलं. एप्रिलपासून शाळा बंद, मुलांची नावं जवळच्या शाळांत वर्ग. सुशीलच्या नावापुढे शाळा यायची राहिली होती. तळ्याचं पाणी कोणी बदलेना, ते हिरवं पडलं.

पायलची शेवटची सुई होऊन गेल्यावर एका दुपारी ताई चिपळी पिशवीत घालून पुन्हा त्या घरी गेल्या. नागसेन नुकतेच झोपून उठले होते. पायल खिडकीपाशी बसली होती. हातावरची पट्टी सुटली होती, मनगटाजवळ कातडी गुलाबी, ओढलेली. बोटं पुरी मिटत नव्हती. सगळ्यांशी बोलते का, असं ताईंनी दारातच हळूच विचारलं, तेव्हा आईने नाही म्हणून मान हलवली. विचारलं तं हो-नाही करते. बस.

नागसेन माठापाशी गेले. स्टीलचा गिलास भरून त्यांनी पायलच्या हातात दिला आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. ती पिऊ लागली. ते तिच्या गळ्याकडे पाहत होते. एक घोट, दुसरा, तिसरा. गिलास रिकामा होईपर्यंत ताईही पाहत होत्या.

"रोज सकाळ-संध्याकाळ," नागसेन उठत म्हणाले. "तिलेही माहीत आहे आता, मी कायले पाहतो ते."

ताई खाली, फरशीवर, पायलच्या समोर बसल्या. चिपळी काढून तिच्या डाव्या हातात दिली.

"मी तुझी हाक ऐकली होती," त्या म्हणाल्या. "अर्धी नाही, पुरती ऐकली होती. आणि तोंड फिरवलं. शाळा आता महिनाभरच आहे. तू येशील का शेवटच्या सभेला? माझ्यावर चिपळी वाजव. सगळ्यांसमोर. काय म्हणायचं ते म्हण. कितीही वेळ लागू दे, कोणी ढोसणार नाही. मी थांबते."

पायलने चिपळीकडे पाहिलं. अंगठा तिने झांजेवर घट्ट दाबून धरला, जरासाही आवाज होऊ नये असा. ती आत गेली होती, आपल्या त्या घरात, आणि ताई बाहेर थांबल्या. बाहेर भाजीवाल्याची गाडी येऊन गेली. आईने कणीक मळायला घेतली. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं. ताई हलल्या नाहीत.

मग पायलने हात पुढे केला आणि चिपळी, तशीच दाबून धरलेली, न वाजवता ताईंच्या हातात ठेवली.

नागसेन खुंटीवरचा दवाखान्याचा सदरा अंगात घालत होते. गुंड्या लावता-लावता त्यांनी विचारलं, "तुमच्या नियमानं याले हो म्हणते नं, ताई?"

ताईंनी पायलकडे पाहिलं. पायल खिडकीबाहेर पाहत होती.

"मले निघा लागते," नागसेन म्हणाले. "आज लवकरची पाळी आहे."

ताई उठल्या. गल्लीतून चालताना दर पावलाला पिशवीत चिपळी वाजू लागली. घरांच्या उंबऱ्यांवर बसलेल्या बाया माना वर करून पाहू लागल्या. ताईंनी पिशवीत हात घातला, अंगठ्याने झांज दाबून धरली आणि नाल्यापर्यंत तशाच चालत गेल्या.